अक्षरबंध आणि पाठनिर्णय

(१)

जुन्या पोथ्यांशीं ज्यांचा व्यवहार आहे त्यांस चित्रकाव्य अपरिचित नाहीं. कमळ, चक्र, खड्ग, मुरज अशा आकृतींत अक्षरें बसविलेलीं पत्रें ते पाहत आले आहेत. चरणांचीं किंवा पद्यांचीं आद्याक्षरें ओळीनें वाचलीं असतां देवतेचें, यजमानाचें किंवा कवीचें नांव उमटतें अशी रचनाही त्यांच्या ओळखीची असते. या रचनांविषयीं अभ्यासकांत दोन टोकांचीं मतें आढळतात. एक मत असें कीं, हा सारा बुद्धीचा खेळ, काव्य नव्हे, सबब संपादकानें त्यापायीं श्रम घालवूं नयेत. दुसरें मत याच्या अगदीं उलट. अक्षरांत दडलेलें नांव सांपडलें कीं ग्रंथकर्ता सांपडला व वाद मिटला, असें तें समजतें.

आमच्या मतें हे दोन्ही पक्ष एकाच ठिकाणीं चुकतात. अक्षरबंध हा पाठाचा राखणदार आहे खरा. परंतु प्रत्येक बंध पाठाचें एक ठराविक अंग राखतो आणि बाकीचीं उघडीं टाकतो. कोणता बंध काय राखतो व काय राखीत नाहीं, हें आधीं ठरविल्यावांचून त्याची साक्ष घेऊं नये. आणि तें ठरविल्यावर ती साक्ष नाकारूंही नये. एवढेंच या लेखांत सोदाहरण दाखवावयाचें आहे.

(२)

साहित्यशास्त्रानें चित्रकाव्यास मोठा मान दिला नाहीं. आनंदवर्धनानें तें मुख्य काव्य नसून काव्याचें अनुकरण होय असें ठरविलें, आणि मम्मटानें त्यास अवर वर्गांत बसविलें. तथापि त्याच मम्मटानें नवव्या उल्लासांत खड्गादि बंधांचीं उदाहरणें दिलीं आहेत, व त्याच्या पुष्कळ आधीं दंडीनें ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदांत यमकें, चित्रबंध आणि सोळा प्रकारच्या प्रहेलिका यांस सविस्तर जागा दिली आहे. प्रहेलिकांचे उपयोग सांगतांना दंडी तीन प्रसंग मोजतो: जाणत्यांच्या बैठकींतील करमणूक, चारचौघांच्या गर्दींत गुप्त बोलणें, आणि परक्यास चकविणें. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांतही प्रहेलिका आहे व आपल्या भेंड्यांची पूर्वज म्हणावी अशी प्रतिमालाही आहे.

या सर्व यादींत पाठरक्षणाचें नांव कोठेंच नाहीं. कवीनें बंध घातला तो चातुर्यासाठीं, भक्तीसाठीं किंवा आश्रयदात्याच्या संतोषासाठीं. पाठ राखला जातो हा त्याचा आनुषंगिक गुण आहे. ही गोष्ट विसरतां कामा नये. राखणीच्या हेतूनें न घातलेलें कुंपण सगळीकडून सारखेंच उंच असेल, अशी अपेक्षा करणें व्यर्थ आहे.

(३)

प्रथम आकृतिबंध घेऊं. माघाच्या ‘शिशुपालवधा’चा एकोणिसावा सर्ग युद्धवर्णनाचा व चित्रबंधांचा. त्यांतील १२० वा श्लोक हा चक्रबंध आहे. वृत्त शार्दूलविक्रीडित, चार चरणांचीं एकोणीस-एकोणीस मिळून ७६ अक्षरें. सहा आऱ्यांचें चक्र काढून पहिले तीन चरण तीन व्यासांवर लिहावयाचे. तिन्हींचें दहावें अक्षर ‘र’ असून तें नाभींत एकदांच येतें. चौथा चरण बाहेरच्या घेरावर फिरतो. त्याचीं १, ४, ७, १०, १३ व १६ हीं अक्षरें आऱ्यांच्या टोकांवरील अक्षरांशीं एकरूप होतात, आणि एकोणिसावें पुनः पहिल्यावरच येऊन मिळतें. एवढी मांडणी झाल्यावर बाहेरून तिसऱ्या वलयांत ‘माघकाव्यमिदं’ आणि सहाव्या वलयांत ‘शिशुपालवधः’ अशीं सहा-सहा अक्षरें वाचतां येतात. कवीचें नांव आणि ग्रंथाचें नांव दोन्ही श्लोकाच्या पोटांत आहेत. आणि वर श्लोकाचा अर्थही सुसंगत आहे: श्रीकृष्णानें सिंहनाद करून बाणसमूहांनीं आकाश झांकून टाकिलें.

आतां मोजणी करूं. ७६ अक्षरांस चक्रांत ६७ घरें पुरतात. त्यांपैकीं नाभीचें एक, टोकांचीं सहा आणि दोन वलयांचीं बारा मिळून १९ घरें बंधानें बांधलेलीं आहेत. तेथें अक्षर बदललें तर दुसऱ्या चरणांत किंवा नांवांत तें तत्काळ उघडें पडतें. उरलेलीं ४८ घरें मोकळीं आहेत. तेथें लिपिकारानें लघूच्या जागीं दुसरें लघु किंवा गुरूच्या जागीं दुसरें गुरु अक्षर घातलें, तर वृत्तही मोडत नाहीं आणि चक्रही मोडत नाहीं. म्हणजे ‘चक्र जुळतें, सबब श्लोक शुद्ध’ असें म्हणणाऱ्यानें श्लोकाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भागाची परीक्षा केलेली असते.

याच श्लोकांत आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पहिल्या चरणाचें सतरावें अक्षर ‘व्यः’ असें सविसर्ग आहे. नांवांत मात्र ‘व्य’ हवें. ही कवीची चूक नव्हे. चित्रकाव्यांत अनुस्वार व विसर्ग हिशेबांत धरीत नाहींत, आणि ब-व, ड-ल, र-ल या जोड्यांत भेद मानीत नाहींत, असा आलंकारिकांचा संकेत आहे. नांव नीट जुळावें म्हणून तो विसर्ग गाळणारा संपादक कर्त्याचें विशेषणच बिघडवील. परंतु या संकेताची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. लिपिकाराचा हात वारंवार घसरतो तो नेमका याच जागीं: टिंब राहतें, विसर्गाचे दोन बिंदु दंडाजवळ हरवतात, ‘ब’चा ‘व’ होतो. जेथें चोरी अधिक, तेथेंच पहारा नाहीं, अशी ही स्थिति आहे. बंधाच्या बळावर अनुस्वार-विसर्गाचा किंवा ब-वचा निर्णय देणें म्हणजे जो साक्षीदार त्या ठिकाणीं हजरच नव्हता त्याची जबानी घेणें होय.

(४)

दुसरा प्रकार विलोमाचा. आणि याचें सर्वोत्तम उदाहरण आपल्याच प्रांतांतलें आहे. गोदातीरच्या पार्थपुराचा, म्हणजे पाथरीचा, दैवज्ञ सूर्यपंडित हा ‘सिद्धांतसुंदर’कार ज्ञानराजाचा पुत्र. भास्कराचार्यांच्या बीजगणितावर इ. स. १५३८ मध्यें ‘सूर्यप्रकाश’ आणि ‘लीलावती’वर इ. स. १५४१ मध्यें ‘गणितामृतकूपिका’ लिहिणारा हाच पंडित ‘रामकृष्णविलोमकाव्या’चा कर्ता होय. या काव्यांत श्लोकाचा पूर्वार्ध रामपर आहे. त्याचींच अक्षरें शेवटाकडून आरंभाकडे वाचलीं कीं उत्तरार्ध होतो, आणि तो कृष्णपर लागतो. जोडाक्षर फोडावयाचें नाहीं. तें एकच अक्षर म्हणून जसेंच्या तसें उलटीकडे जातें. पहिल्याच श्लोकांत पूर्वार्धाच्या शेवटीं ‘श्रीः’ आहे, व उत्तरार्धाच्या आरंभीं तेंच ‘श्री’ होऊन येतें. वर सांगितलेला विसर्गाचा संकेत येथेंही चालू आहे.

रसिकास हें काव्य टीकेचा हात धरल्यावांचून चालतां येत नाहीं, आणि त्याची ती तक्रार न्याय्य आहे. पाठपरीक्षकास मात्र याहून सोईचें काव्य मिळणें कठीण. येथें प्रत्येक अक्षर दोनदां लिहिलेलें असतें. चक्रबंधांत घरें मोकळीं राहतात, तशीं येथें एकही राहत नाहीं. पोथींत कोठेंही अक्षर चुकलें तर दोन अर्ध एकमेकांशीं भांडूं लागतात.

तरीही दोन मर्यादा आहेतच. भांडण आहे एवढें बंध सांगतो. खरें कोण बोलतो हें तो सांगत नाहीं. तें वृत्त, व्याकरण आणि अर्थ यांनींच ठरवावें लागतें. दुसरी मर्यादा अधिक फसवी आहे. बंधाचा नियम ठाऊक असलेला शहाणा लिपिकार पूर्वार्धांत चुकला, तर उत्तरार्ध तो त्या चुकीबरहुकूम सुधारून घेतो. मग दोन्ही अर्ध जुळतात आणि दोन्ही चुकीचे असतात. अडाणी लिपिकाराची पोथी विजोड असली तरी अशा ठिकाणीं अधिक मोलाची ठरते, कारण तिनें लबाडी केलेली नसते. संग्राहकांनीं पोथी शुद्ध दिसते म्हणून ठेवावी व अशुद्ध दिसते म्हणून टाकावी, हें यासाठींच योग्य नव्हे.

(५)

तिसरा प्रकार वर्ज्याक्षरांचा. ‘दशकुमारचरिता’च्या सातव्या उच्छ्वासांत मंत्रगुप्त आपली हकीकत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो, कारण प्रियेच्या दंतक्षतानें त्याचे ओठ दुखावलेले आहेत. बंधाला कथेंतच कारण दिलें, हें दंडीचें चातुर्य. मराठींत मोरोपंतांनीं (१७२९-१७९४) हाच प्रयोग ‘निरोष्ठ रामायणां’त केला. पंतांच्या अष्टोत्तरशत रामायणांचा नुसता कसरत म्हणून उल्लेख करण्याची रीत पडली आहे. पण या एका अटीचा परिणाम पाहा: ज्याचें चरित्र गावयाचें त्या नायकाच्या नांवांत ‘म’ आहे, म्हणजे रामायणांत ‘राम’ हाच शब्द येऊं शकत नाहीं. प्रतिनायकाच्या नांवांत ‘व’ आहे. ‘रघु’ म्हणावें तर उकार आड येतो. ‘सीता’, ‘दशरथ’ हीं नांवें तेवढीं सुटतात. अशा स्थितींत कवि पर्यायशब्दांचा किती सांठा बाळगून होता हें समजतें, आणि जुन्या मराठीच्या शब्दकोशास तें एक साधन होतें.

या बंधाची राखण वेगळ्या जातीची आहे. तो अक्षरांचा क्रम राखीत नाहीं, पद्यांची संख्या राखीत नाहीं. पण एका स्थानाचे वर्ण आंत येऊं देत नाहीं. निरोष्ठ रचनेच्या पोथींत एखादा ‘प’ किंवा ‘म’ दिसला, तर तो पाठ सदोष आहे हें दुसरी प्रत न पाहतांही सांगतां येतें. उलट ‘त’च्या जागीं ‘न’ आला तर हा पहारेकरी डोळे मिटून असतो.

(६)

चौथा प्रकार खऱ्या आद्याक्षरबंधाचा. येथें पद्यागणिक एकच अक्षर बांधलेलें असतें, त्यामुळें पद्याच्या आंतील पाठाची राखण जवळजवळ नाहींच. परंतु पद्यांची संख्या आणि क्रम, हीं दोन अंगें याच्याइतकीं दुसरा कोणताही बंध राखीत नाहीं. सुट्या पत्रांच्या पोथीस याचा उपयोग किती, हें संग्राहकांस सांगावयास नको.

याचें अत्यंत बोधप्रद उदाहरण इब्री वाङ्मयांत आहे. बायबलांतील स्तोत्रसंहितेंत कांहीं स्तोत्रें इब्री वर्णमालेच्या क्रमानें रचलेलीं आहेत. ११९ व्या स्तोत्रांत बावीस वर्णांस प्रत्येकीं आठ याप्रमाणें १७६ वचनें आहेत, व बंध पूर्ण आहे. १४५ व्या स्तोत्रांत मात्र परंपरागत इब्री पाठांत एकवीसच वचनें येतात. तेराव्या व चौदाव्या वचनांमध्यें ‘नून’ या वर्णाचें वचन नाहीं. मराठी भाषांतर वाचणाऱ्यास ही त्रुटि कधींच जाणवणार नाहीं, कारण भाषांतरांत आद्याक्षरें उरत नाहींत. प्राचीन ग्रीक भाषांतरांत त्या जागीं एक वचन आहे, आणि इ. स. १९५६ मध्यें मृतसमुद्राजवळ कुमरानच्या अकराव्या गुहेंत सांपडलेल्या, व १९६५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या, स्तोत्रांच्या गुंडाळींत ‘नून’चें वचन इब्री भाषेंतच मिळालें. बंधानें दाखविलेली फट पोथीनें भरून काढली.

गोष्ट येथेंच संपली असती तर बंधाचा विजय झाला असें म्हणतां आलें असतें. पण विद्वानांत वाद राहिलाच. हें वचन मूळचें असून गळालें होतें, कीं फट पाहून कोणी मागाहून रचून घातलें? आद्याक्षरबंध या प्रश्नाचें उत्तर देऊं शकत नाहीं. रिकामी जागा तो बिनचूक दाखवितो. त्या जागीं आलेला मनुष्य घरचा कीं परका, हें त्यास ओळखतां येत नाहीं.

आपल्याकडे ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या त्रयोदशाक्षरी मंत्राचीं अक्षरें गुंफून मोरोपंतांनीं ‘मंत्ररामायण’ रचिलें. (याच नांवाचा संस्कृत ग्रंथ ‘भारतभावदीप’कार नीलकंठ चतुर्धरांचा आहे, तेथें वैदिक ऋचांतून रामकथा काढलेली आहे. सूची करणाऱ्यांनीं हे दोन ग्रंथ वेगळे ठेवावे.) राखणीच्या दृष्टीनें हा मंत्र कसा आहे? त्यांत अक्षरें तेरा, पण भिन्न अक्षरें पांचच: ‘श्री’ एकदां, रा, म, ज, य हीं प्रत्येकीं तीनदां. म्हणून या मंत्रावर आद्याक्षरें बांधलेल्या कोणत्याही रचनेंत दोन ‘रा’कारी पद्यांची अदलाबदल झाली तर बंधास तिचा पत्ता लागत नाहीं. ‘ज’ आणि ‘य’ अशीं लागोपाठचीं दोन पद्यें गळालीं तर ‘श्रीराम जय राम जय राम’ असें उरतें, आणि कानास तेंही खटकत नाहीं. तेव्हां अशा रचनांत नुसतें वाचून भागत नाहीं. बोटें मोडून तेरा मोजावीं लागतात. ज्या नांवांत एकही अक्षर पुनः येत नाहीं त्याचा बंध सर्वांत पक्का, हें यावरून उघड होतें.

(७)

आतां ज्यांस जेथें तेथें बंध दिसतात त्यांच्याविषयीं. वाल्मीकि-रामायणाचीं २४,००० पद्यें असून दर हजारांच्या आरंभीं गायत्रीमंत्राचें एकेक अक्षर येतें, अशी परंपरा आहे. तीं चोवीस पद्यें ‘गायत्रीरामायण’ या नांवानें स्वतंत्र पठणांतही आहेत. श्रद्धेच्या दृष्टीनें तीस हात लावण्याचें कारण नाहीं. पण पाठनिर्णयास ती उपयोगी नाहीं. हजारांच्या अंतराचा बंध एका पद्याच्या वाढीनें किंवा घटीनें पुढें सर्वत्र सरकतो. आणि रामायणाच्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील पाठांत तर शेंकडों पद्यांचें अंतर आहे. बडोद्याच्या प्राच्यविद्यामंदिरानें १९६० ते १९७५ या काळांत सात खंडांत काढलेल्या चिकित्सक आवृत्तींत मूळ म्हणून स्वीकारलेलीं पद्यें १९,००० हूनही कमी भरतात. जो बंध एकाही ठराविक पाठांत मोजून दाखवितां येत नाहीं, त्याच्या आधारें त्या पाठाचा निर्णय करणें हें चक्रक होय.

लहान नांवांविषयीं तर अधिकच सावध असावें. समजा, एखाद्या पोथींत दर वीस पद्यांत एक ‘रा’नें व एक ‘म’नें सुरू होतें. तर लागोपाठच्या दोन पद्यांत ‘राम’ आपोआप साधण्याचा योग चारशेंत एक. म्हणजे चारशें पद्यांच्या पोथींत कवीच्या मनांत नसतांही तो एकदां यावा हेंच स्वाभाविक. पांच-सहा अक्षरांचें नांव सलग, एकाच अंतरानें, एकही अक्षर न सोडतां आलें तरच योगायोगाचा पक्ष दुबळा होतो.

असें नांव खरोखर मिळालें तर मात्र त्याचें मोल मोठें आहे. आपल्या संतवाङ्मयांत कर्त्याची खूण म्हणजे शेवटची नाममुद्रा. तिची अडचण अशी कीं ती एकाच जागीं, उघड्यावर बसलेली असते. ‘नामा म्हणे’ काढून ‘तुका म्हणे’ घातलें तरी अक्षरें चारच राहतात व छंद मोडत नाहीं. नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या अभंगांचा गुंता कसा झाला व तो सोडवितांना किती श्रम पडले, हें सर्वांस ठाऊक आहे. आद्याक्षरांत विणलेलें नांव बदलावयाचें तर प्रत्येक पद्याचा आरंभ नव्यानें रचावा लागतो. चोर सहसा इतका उद्योगी नसतो. तथापि विणलेलें नांव कर्त्याचेंच असेल असें नाहीं. तें देवतेचें, गुरूचें किंवा यजमानाचें असूं शकतें. माघानें ‘काव्य’ हा शब्द नांवाला जोडून शंकेस जागा ठेविली नाहीं. सर्वच कवि इतके काळजीवाहू नसतात.

(८)

तात्पर्य, आकृतिबंध ठराविक जागा राखतो. विलोम प्रत्येक अक्षर राखतो, पण दोघांतला खरा कोण हें सांगत नाहीं. वर्ज्याक्षरबंध एक वर्णस्थान राखतो. आद्याक्षरबंध संख्या आणि क्रम राखतो. अनुस्वार, विसर्ग व ब-वादि जोड्या बहुधा कोणीच राखीत नाहीं. या मर्यादा जाणून घेतल्या तर चित्रकाव्य हें रसिकाच्या न्यायालयांत कितीही हरलें तरी संशोधकाच्या न्यायालयांत विश्वासू साक्षीदार ठरतें.

यावरून संपादकांस व संग्राहकांस कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. बंधाचा श्लोक छापतांना आकृति गाळूं नये. आकृतीवांचून तो श्लोक म्हणजे कुलुपावांचून किल्ली. पोथींत बंधाचीं अक्षरें तांबड्या शाईनें काढलेलीं असल्यास तशी नोंद सूचींत करावी. कृष्णधवल सूक्ष्मपटावर तांबडें आणि काळें सारखेंच उतरतें, व हल्लीं पडद्यावर प्रती पाहणाऱ्यास ती खूण पुष्कळदां दिसतच नाहीं. म्हणून छायाचित्र रंगीत घ्यावें. हरताळ लावून अक्षर दुरुस्त केलेलें असेल तर खालचें अक्षर कोणतें होतें हेंही टिपावें, कारण बंध जुळविण्यासाठीं झालेली दुरुस्ती तेथेंच पकडतां येते. आणि शेवटचें: एखाद्या स्तोत्राचें एकटें, विजोड पत्र हातीं आलें तर तें रद्दींत टाकण्यापूर्वीं पद्यांचीं आद्याक्षरें खालीं उतरून पाहावीं. त्या पत्राचें घर कोणतें आणि त्याच्या मागचीं-पुढचीं किती पत्रें अजून बाहेर आहेत, हें कदाचित् तींच अक्षरें सांगतील.